गाऊन : फोटोच्या अल्बममध्ये नसलेला पोशाख

ज्यांना कानात वायर घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, थोडी झाडपूस केलीय इतकंच.

आजचा विषय आहे गाऊन. हसू नका. गाऊन म्हणजे तोच, आपल्या घरातला. सुती, खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ येणारा, छातीवर चुण्या, पुढे चेन किंवा दोन बटणं, बाजूला एक खिसा. कुणी नायटी म्हणतं, कुणी मॅक्सी म्हणतं. आमच्या खानदेशात गाऊनच.

आधी एक छोटं काम करा. घरातले फोटोंचे जुने अल्बम काढा, नाहीतर मोबाइलमधले गेल्या दहा वर्षांचे फोटो बघा. त्यात आईचे, आजीचे, काकूचे गाऊनमधले फोटो किती सापडतात ते मोजा. लग्नातली पैठणी सापडेल, बारशाची कांजीवरम सापडेल, सहलीतला पंजाबी ड्रेसही सापडेल. गाऊन मात्र सापडणार नाही. सापडलाच तर मागे कुठेतरी, अर्धवट कापला गेलेला. का, ते तुम्हालाही माहीत आहे. कॅमेरा वर गेला की आई म्हणते, "थांब रे, साडी नेसून येते."

गंमत बघा. गाऊन हा शब्द मराठीत तीन कपड्यांना लावतात. वकिलाचा काळा गाऊन, पदवीदान समारंभातला गाऊन आणि घरातला गाऊन. पहिल्या दोन गाऊनमधले फोटो आपण फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. तिसरा गाऊन बाई वर्षाचे तीनशे-साडेतीनशे दिवस घालते, आणि त्याचा एकही फोटो नसतो. इतिहास शोधणाऱ्या माणसाला अशी जागा दिसली की थांबावंसं वाटतं. सगळ्यात जास्त वापरलेल्या गोष्टीचा सगळ्यात कमी पुरावा का असेल?

मी अमळनेरची. अमळनेरचा इतिहास म्हटला की काही नावं ठरलेली आहेत. बोरीच्या काठचे संत सखाराम महाराज. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिकवणारे साने गुरुजी. १९१६ साली सुरू झालेलं तत्त्वज्ञान मंदिर. श्रीमंत प्रताप शेठ आणि त्यांची कापड गिरणी. १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली आणि पुढे विप्रो झालेली कंपनी. १९५२ चं साहित्य संमेलन आणि मग थेट २०२४ चं. ही सगळी नावं आम्ही अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवीत. पण या गावातल्या हजारो बायका गेली तीस-चाळीस वर्षं मे महिन्यातल्या दुपारी काय घालून स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हे कुठल्याही स्मरणिकेत छापलेलं नाही.

मे महिना म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर सहज जातो. बोरी नदीचं पात्र कोरडं पडलेलं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि नेमकी याच दिवसांत बाईच्या कामाला भरती येते. पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे. पहाटे उठून चीक शिजवायचा, उन्हं चढायच्या आत गच्चीवर पसरून यायचं. खाली आलं की चूल नाहीतर गॅस, भाकरी, वरण, पाहुणे. सुट्टीला आलेली भाचरं वेगळी.

आता कापडाचा हिशेब करू. मला वाटतं गाऊनचा खरा इतिहास या हिशेबात आहे.

माझी आजी नऊवारी नेसायची. लुगडं म्हणायची ती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. आत परकर नाही, वर चोळी. सुती लुगडं भिजलं की दगडासारखं जड व्हायचं. ते धुवायचं, पिळायचं, दोघींनी दोन टोकं धरून झटकायचं. पुढे आईच्या पिढीत पाचवारी आली. शाळेत जायला, नोकरीला, एसटीत चढायला ती सुटसुटीत. सगळ्यांना वाटलं बायकांचं ओझं कमी झालं. पण मोजून बघा. साडी सव्वापाच-साडेपाच मीटर, परकराला दोन-सव्वादोन मीटर, ब्लाऊजला मीटरभर. बेरीज पुन्हा आठ-साडेआठ! म्हणजे नऊवारी गेली, नेसायची रीत बदलली, पण अंगावर वागवायचं आणि धुवायचं कापड जवळपास तेवढंच राहिलं.

गाऊनला लागतं तीन मीटर. अंगानं भरलेली बाई असेल तर थोडं जास्त. अनेक घरांत आत परकर असतोच, तो धरला तरी पाच-सव्वापाचच्या वर जात नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नळाला रोज पाणी यायचं नाही. यायचं तेव्हा टाकी, पिंप, हंडे, कळशा, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. ज्या घरात पाणी असं मोजून वापरतात, त्या घरात तीन मीटर कापड आणि आठ मीटर कापड यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट कापडाच्या जातीची. आमचा भाग कापसाचा. काळी माती, कपाशीची शेतं, जिनिंग, गिरण्या. सुती कापड आम्हाला परकं नाही. पण अमळनेर ज्या रेल्वेमार्गावर आहे, तो मार्ग पश्चिमेला सुरतेला जातो. सुरतेत पुढे नायलॉनच्या आणि मग पॉलिएस्टरच्या साड्यांचे यंत्रमाग धडाडले. त्या साड्या स्वस्त, रंग पक्का, इस्त्री नको, वाळायला अर्धा तास. कुठल्या बाईला नको होत्या? रोजच्या वापरातली सुती साडी हळूहळू मागे पडली. फक्त एकच अडचण होती. मे महिन्यात, गॅससमोर, ती साडी घामानं अंगाला चिकटायची. ठिणगी उडाली तर वितळून कातडीला चिकटायची, ते निराळंच भय.

घरंही त्याच काळात बदलली. पूर्वीची धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती, माळवदावर मातीचा थर. आत गारवा टिकायचा. ती पाडून सिमेंटचे स्लॅब आले. घर पक्कं झालं, पावसाळ्यातली गळती थांबली, पण उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडत राहतो. वर वीज गेली की संपलंच. म्हणजे अंगावर सिंथेटिक, डोक्यावर तापलेला स्लॅब, समोर गॅस. गाऊन आला तो या तिन्हींच्या मधल्या फटीतून. साडीतून बाहेर पडलेलं सुती कापड गाऊन होऊन घरात परत आलं, असं मी त्याचं एका वाक्यात वर्णन करीन.

आता प्रश्न असा, की रात्री झोपताना घालायचा कपडा दिवसा कसा चालू झाला? नावच बघा ना, नायटी! आपल्याला वाटतं हा आपल्याकडचाच गबाळेपणा. तसं नाही. जगात असं बऱ्याच ठिकाणी झालंय.

हवाई बेटांवर १८२० मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. त्यांनी तिथल्या बायकांना अंगभर झगे घालायला शिकवलं. वरून जो घालायचा तो होलोकू, आणि त्याच्या आत घालायचा पातळ, सैल अंगरखा म्हणजे मुमू. तिथल्या उष्ण, दमट हवेत बायकांनी काय केलं असेल? कालांतराने वरचा झगा सणासुदीपुरता ठेवला आणि आतला मुमूच दिवसभर घालायला लागल्या. आज मुमू हा हवाईचा अभिमानाचा पोशाख आहे. इंडोनेशियात याच जातीचा सैल, बाटिक छापाचा घरगुती झगा आहे, त्याला दास्तर म्हणतात. घराघरांत तोच. अमेरिकेत १९१६ साली कॅन्सस सिटीमध्ये नेल डॉनेली नावाच्या बाईने घरात घालायचे छान दिसणारे, धुवायला सोपे झगे शिवून एका दुकानात विकायला ठेवले. एक डॉलरला एक. हातोहात गेले, आणि त्यातून पुढे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. आपल्या देशातच केरळात जा, चेन्नईला जा, दिवसा नायटी घातलेल्या बायका दुकानात, रस्त्यावर, बसस्टॉपवर दिसतात. केरळात मॅक्सी हा शब्द जास्त चालतो. हा शब्द जगभरात सत्तरच्या दशकात पायघोळ फ्रॉकच्या फॅशनबरोबर फिरला आणि फॅशन गेल्यावर आपल्याकडे घरगुती कपड्याला चिकटून राहिला.

पण फॅशन एका बाजूला आणि अमळनेरसारख्या गावातलं एकत्र कुटुंब दुसऱ्या बाजूला. घरात सासू-सासरे, दीर, जाऊ. तिथे सुनेच्या अंगावर शिवलेला झगा येणं सोपं नव्हतं. मग आला कसा?

मी गावातल्या आमच्या ओळखीच्या, पन्नाशी ते सत्तरीतल्या बायकांना हे विचारत फिरले. उत्तर ऐकून चकित झाले, कारण बहुतेकींचं एकच होतं. दवाखान्यातून! पहिला गाऊन बाळंतपणासाठी शिवला. डॉक्टरांनी किंवा नर्सबाईंनी सांगितलं, सैल, पुढून उघडणारं काहीतरी आणा. साडीत तपासायला अवघड, पाजायला अवघड. मग आईने नाहीतर मोठ्या बहिणीने दोन गाऊन शिवून दिले. आमच्याकडे माझ्या आईचा पहिला गाऊनही माझ्या जन्माच्या वेळचा. आकाशी रंगावर पांढरी फुलं, घरच्या उषा मशीनवर शिवलेला. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर सासूला नाही म्हणता येईना. सव्वा महिना झाला, बाळंतीण उठली, कामाला लागली. गाऊन मात्र परत ट्रंकेत गेला नाही. आधी फक्त रात्री. मग सकाळी अंघोळीच्या आधी. मग दुपारची झाकपाक झाल्यावर. असं एकेक तास करत गाऊनने दिवस जिंकला. कुणी ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही.

शिवायलाही तो सोपा. ब्लाऊज बेतायला हात बसावा लागतो, मापं चुकली की फुकट जातं. गाऊनला खांदा, छाती आणि उंची एवढंच माप. वर योक, खाली चुण्या देऊन सरळ पट्ट्या, गळ्याला पायपिंग. शिवणक्लासला जाणारी मुलगी दुसऱ्या महिन्यात गाऊन शिवते. त्यामुळे गल्लोगल्ली बायका घरी बसून गाऊन शिवू लागल्या आणि दोन पैसे मिळवू लागल्या. पुढे तयार गाऊन आले. जेतपूर, बालोतरा, पाली अशा छपाईच्या गावांतून छापील सुती कापड येतं आणि आठवडे बाजारात ढिगाने गाऊन लागतात. अल्पाइन, होजिअरी, सॅटिन असे प्रकार असले तरी आमच्याकडची जाणती गिऱ्हाईक बाई कापड दोन बोटांत चोळून बघते आणि विचारते, "प्युअर कॉटन शे ना भाऊ?"

आणि खिसा! खिशाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साडीला खिसा नाही. आजीचे पैसे कनवटीला, आईचे ब्लाऊजमध्ये नाहीतर डब्यात. गाऊनला बाजूला खिसा आला आणि त्यात काय काय गेलं म्हणून सांगू. सुटे पैसे, गॅसचं पुस्तक, नातवाची गोळी, केसांचा चाप, आणि आता मोबाइल. कित्येक बायकांच्या आयुष्यात स्वतःचा असा पहिला खिसा गाऊनचा होता.

आरामाचं शास्त्रही थोडं बघू. अंगाला न चिकटणारा, कंबरेला न बांधलेला कपडा गार का वाटतो? १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मजेदार अभ्यास छापून आला होता. वाळवंटातले बदाऊन लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न. नेगेव्हच्या वाळवंटात काळा झगा, पांढरा झगा वगैरे घालून माणूस उभा केला आणि मोजमाप घेतलं. काळं कापड जास्त तापत होतं, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच निघाली. कारण झगा सैल. आतली हवा तापून वर जाते, खालून नवी येते, चालताना कापड भात्यासारखं हलतं. आपला गाऊन तेच करतो. खांद्यावर टांगलेला, खाली मोकळा. घाम वाळतो, जीव थंडावतो.

याची दुसरी बाजू थोडी गंभीर आहे. साडीचा सगळा भार परकराच्या नाडीवर असतो. कंबरेवरचा तो काळा वळ आपल्या घरातल्या प्रत्येक वयस्क बाईच्या अंगावर आहे. वर्षानुवर्षं नाडी त्याच जागी काचते, वर घाम, वर घर्षण. क्वचित कधी तिथे जखम होते, ती चिघळत राहते आणि फार दुर्मीळ वेळा त्या जखमेचा कर्करोग होतो. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन रुग्ण बायकांची नोंद एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती. आत परकरही नाही, लुगडंच कंबरेला घट्ट आवळलेलं, चाळीस वर्षं. घाबरून जायचं कारण नाही, असं फारच कमी वेळा होतं. पण डॉक्टरांचा सल्ला साधा आहे. परकर सैल बांधा, आणि कातडी काचली असेल तर ती बरी होईपर्यंत सैल कपडे घाला. म्हणजे जी गोष्ट आमच्या बायकांनी स्वतःच्या कंबरेला विचारून ठरवली होती, ती आता वैद्यकाच्या कागदावर आली.

एवढा शहाणा कपडा. मग त्याची लाज का? उत्तर दाराच्या मागे आहे. अक्षरशः दाराच्या मागे! आमच्याकडच्या घरांत पुढच्या दारामागे एका खुंटीवर ओढणी किंवा टॉवेल टांगलेला असतो. बेल वाजली की हात आधी त्या खुंटीकडे जातो. ओढणी गाऊनवर टाकायची, मग कडी काढायची. दूधवाला, भाजीवाला, सिलेंडरवाला, कुणीही असो. मला ही ओढणी फार महत्त्वाची वाटते. साडी गेली, पण पदर गेला नाही. तो अंगावरून सुटून खुंटीवर जाऊन बसला.

या खुंटीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळे कायदे आहेत. आत गाऊन चालतो, बाहेर नाही. आणि बाहेरचा कायदा कधीकधी खरोखर कायदाच होतो. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात, दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड असा फलक लागला. लावला कुणी? तिथल्या महिला मंडळाने! २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावच्या पंचांनी ठरवलं, सकाळी सात ते संध्याकाळी सात नायटी घालून बाहेर दिसाल तर २००० रुपये दंड, आणि चुगली करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. अंगभर, गळ्यापासून पायापर्यंत झाकणारा कपडा. साडीत पोट दिसतं, पाठ दिसते, गाऊनमध्ये काहीच दिसत नाही. तरी दंड गाऊनला. म्हणजे मुद्दा अंग झाकण्याचा नाहीच. मुद्दा हा, की ही बाई दुसऱ्याच्या नजरेसाठी तयार झालेली नाही. ती स्वतःच्या सोयीत बाहेर आली आहे.

घराच्या आतही सगळीकडे एकच कायदा नव्हता. सासर आणि माहेर यांत फरक होताच. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ऐन उन्हाळ्यातला सण. माझ्या एका मावशीने सांगितलेलं लक्षात राहिलंय. तिच्या सासरी गाऊनला बंदी होती. तिचा एक गाऊन माहेरीच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असायचा. आखाजीला आली की पहिलं काम, हातपाय धुवायचे आणि तो गाऊन घालायचा. मग चहा. ती म्हणाली, "माहेरी आल्यासारखं मला दारात वाटायचं नाही, गाऊन घातल्यावर वाटायचं." परत जाताना तो धुऊन, घडी करून तिथेच ठेवायची. वर्षभर तो कपाटात तिची वाट बघायचा.

आणि आजीची गोष्ट. आजीने आयुष्यभर गाऊनला नावं ठेवली. "झगा घालीसन काय फिरतीस वं?" असं सुनांना म्हणायची. शेवटच्या दोन वर्षांत ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. लुगडं नेसवणं अशक्य झालं. त्याच सुनांनी तिला गाऊन घातला. तिने विरोध केला नाही, बोललीही नाही काही. पण कुणी भेटायला आलं की तिचा उजवा हात खांद्यावर जायचा आणि पदर शोधायचा. नसलेला पदर ओढून डोक्यावर घ्यायची खूण करायची. शेवटी आईने तिच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडून तिच्या खांद्यावर ठेवला. मग हात शांत झाला. म्हणून गाऊन म्हणजे मुक्ती आणि साडी म्हणजे बेडी, असं सोपं गणित मी मांडणार नाही. सत्तर वर्षं अंगावर असलेलं कापड हे अंगाचाच भाग होतं.

गाऊनविरुद्ध एक तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती कुणा पंचांची नाही, बायकांचीच आहे. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारलं, "पुरुष ऑफिसातून आला की कपडे बदलतो. म्हणजे काम संपलं. आमचं काय? ज्या गाऊनमध्ये झोपलो, त्याच गाऊनमध्ये उठून चहा टाकायचा, आणि ज्यात स्वयंपाक केला त्यातच परत झोपायचं." यावर मी बराच वेळ विचार केला. झोपेचा आणि कामाचा कपडा एकच, याचा अर्थ काम कधी सुटतच नाही असाही होतो. गाऊनने बाईला हवा दिली, खिसा दिला, पाणी वाचवलं, कंबरेची नाडी सैल केली. सुट्टी मात्र दिली नाही. ती कपड्याच्या हातात नव्हतीच.

आता पुन्हा त्या पुराव्याच्या प्रश्नाकडे. पैठणी जपली जाते, आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी होते, तीही पिढीभर टिकते. गाऊन विरला की काय होतं? त्याची चेन आणि बटणं काढून घेतात, चार तुकडे करतात, एक ओट्याला, एक फरशीला, एक गाडी पुसायला. शेवटचा तुकडा पायपुसण्याखाली जातो. म्हणजे फोटो नाही आणि कापडही नाही. शंभर वर्षांनी कुणी अमळनेरच्या बायकांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्यासमोर अल्बम असतील आणि त्यात सगळ्या बायका कायम लग्नाला निघाल्यासारख्या दिसतील. मालिकांतून शोधायला गेला तर तिथे बायका झोपतातही भरजरी साडीत. त्याला वाटेल, यांना उन्हाळाच नव्हता की काय!

म्हणून या भागाच्या शेवटी एकच विनंती. येत्या आखाजीला, नाहीतर बिबडे घालायच्या एखाद्या पहाटे, आईचा एक फोटो काढा. आधी विचारा, चोरून काढू नका. ती साडी नेसायला उठली तर म्हणा, आज अशीच बस. नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर फोटोच्या मागे तारीख लिहा, कापड कुठून घेतलं ते लिहा, कुणी शिवला ते लिहा, आणि खिशात त्या वेळी काय होतं तेही लिहा.

तुमच्या घरातल्या पहिल्या गाऊनची गोष्ट मला नक्की कळवा. तो कधी आला, कुणी आणला, आणि घरातलं पहिलं वाक्य काय होतं. भेटू पुढच्या भागात.